सूत्र कोणाच्या हाती? : खारदांडा आणि वास्तुविशारदाचे शिक्षण

खार रोड स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडून समुद्राकडे चालू लागले की बराच वेळ आकड्यांची सोबत असते. चौदावा रस्ता, सोळावा रस्ता, अठरावा रस्ता अशा क्रमांकित रस्त्यांची ही वस्ती काटकोनांत आखलेली आहे. दुतर्फा झाडे, रस्त्यापासून ठरावीक अंतर सोडून उभ्या राहिलेल्या इमारती, प्रत्येक इमारतीभोवती कुंपण. जुने बंगले पाडून त्यांच्या जागी उंच इमारती आल्या, तरी भूखंडांची मूळ चौकट अद्याप ओळखू येते. मग खारदांडा रस्ता वळणे घेऊ लागतो, आकडे मागे पडतात आणि आपण दांड्याच्या कोळीवाड्यात शिरतो. येथे गल्लीची रुंदी घरागणिक बदलते. ओट्याला लागून ओटा, दारातच जाळे सांधायला बसलेले कोणी वडीलधारे, आणि किनाऱ्याच्या अंगाला बोंबील सुकविण्याचे बांबूचे मांडव.

एवढ्याशा चालीत वस्ती घडविण्याच्या दोन रीती आपण ओलांडून येतो. पहिली वस्ती आधी कागदावर आखली गेली आणि मग बांधली गेली. दुसरी आधी बांधली गेली. तिचे कागदावर येणे अजूनही पुरते झालेले नाही. या दोहोंच्या मध्ये एक व्यवसाय उभा आहे, तो म्हणजे वास्तुविशारदाचा. त्याला कोणते शिक्षण मिळाले, त्या शिक्षणाने त्याला काय पाहायला शिकविले आणि काय पाहायचे राहून गेले, हा इतिहास मुंबईपुरता तरी या दोन वस्त्यांच्या सीमेवर वाचता येतो. साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. बोलीतले लिखित भाषेत किती येते आणि येताना काय गळते, हा प्रश्न आपल्या नित्याचाच आहे. घर आणि नकाशा यांच्यातही तोच प्रश्न आहे; फरक इतकाच की येथे जे गळते त्यावरचा हक्कही गळण्याचा संभव असतो.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘वास्तुविशारद’ हा शब्द आपण ‘आर्किटेक्ट’ला प्रतिशब्द म्हणून रूढ केला. ‘आर्किटेक्ट’च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ मुख्य बांधणारा, मुख्य सुतार असा आहे. आपल्या जुन्या शिल्पग्रंथांतला शब्द ‘स्थपती’. ‘मयमत’ आणि ‘मानसार’ या ग्रंथांत स्थपतीबरोबर आणखी तिघे येतात : सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकी. तासणारा तो तक्षक, जोडणी करणारा तो वर्धकी, आणि हातात मापाची दोरी धरणारा तो सूत्रग्राही. हा सूत्रग्राही स्थपतीचा पुत्र किंवा शिष्य असावा, असे ‘मयमत’ सांगते. म्हणजे आजचा मोजणारा तो उद्याचा स्थपती, असा शिक्षणाचा क्रम त्यात गृहीत धरलेला आहे. अकराव्या शतकातील भोजाच्या ‘समराङ्गणसूत्रधार’ या ग्रंथात स्थपतीच्या अंगी चार गोष्टी असाव्यात असे म्हटले आहे : शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील. केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ हाताने काम करणारा, असे दोघेही त्या दृष्टीने अपुरेच.

या ग्रंथाच्या नावातला ‘सूत्रधार’ आपल्याला नाटकातून परिचयाचा आहे. नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय प्रेक्षागृहाच्या बांधणीविषयी आहे. पांढऱ्या दोरीने भूमी कशी मोजावी, ती दोरी तुटली तर कोणते अरिष्ट संभवते, याची चर्चा तेथे आहे. रंगभूमीची पहिली क्रिया मोजणीची आहे, ही गोष्ट नाटकाच्या वर्गात सहसा सांगितली जात नाही. आणि मोजणी करणारा मनुष्य जागेवर, उन्हात, इतरांच्या देखत उभा असतो, हेही त्या वर्णनात आपोआप येते.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत ही साखळी तुटली. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि १८५७ मध्ये त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. येथील कारागिरांचे हस्तकौशल्य सुधारावे, हा त्या शाळेमागचा मूळ हेतू होता. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग तेथे शिकविण्यास आले. जॉन ग्रिफिथ्स यांनीही तेथे शिकविले. व्हिक्टोरिया टर्मिनसचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याच्या कोरीव कामात या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. पाने, वेली, पक्षी, प्राणी त्यांनी घडविले. इमारतीचा आराखडा मात्र फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा होता. हात एतद्देशीयांचा आणि आराखडा इंग्रजाचा, अशी ही विभागणी होती.

या विभागणीत मधल्या पायरीवर जी माणसे होती त्यांच्यापैकी सीताराम खंडेराव वैद्य हे एक. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कामावर ते स्टीव्हन्स यांचे साहाय्यक अभियंता होते. पुढे कुलाब्याच्या समुद्रकाठी उभ्या राहिलेल्या ताजमहाल हॉटेलचा आराखडा रावसाहेब वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी केला. काम पूर्ण होण्यापूर्वी वैद्य यांचे निधन झाले, डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरे केले आणि १९०३ मध्ये हॉटेल उघडले. या हॉटेलविषयी मुंबईत एक दंतकथा सांगितली जाते. इंग्रज वास्तुकाराने विलायतेहून परत येऊन पाहिले, तर इमारत उलट्या तोंडाची बांधलेली. त्या धक्क्याने त्याने जीव दिला. या कथेला आधार नाही. पण ती टिकली आहे, आणि तिच्यात वैद्यांना जागाच नाही. आराखडा करणारा इंग्रज असणार आणि तो बिघडविणारे हात येथल्या माणसांचे असणार, हे कथेने आधीच ठरवून टाकले आहे. दंतकथा खोटी असली तरी ती कोणत्या समजुतीवर पोसली हे पाहण्यासारखे असते.

एकोणिसावे शतक संपता संपता जे. जे. मध्ये आरेखकांचे वर्ग सुरू झाले. सरकारी बांधकाम खात्याला आणि खासगी कचेऱ्यांना स्वच्छ रेघ ओढणारी, नकाशाची अचूक नक्कल करणारी माणसे हवी होती. त्यांना ड्राफ्ट्समन म्हणत. एतद्देशीय विद्यार्थी या व्यवसायात शिरला तो या दारातून. दुसऱ्याने कल्पिलेले कागदावर उतरविणे हे त्याचे काम. संपूर्ण वास्तुकलेचा अभ्यासक्रम १९१३ मध्ये रॉबर्ट केबल यांच्या प्रमुखत्वाखाली उभा राहिला. आणखी चार वर्षांनी, १२ मे १९१७ रोजी, येथून शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी आपली संघटना काढली आणि मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुकार जॉर्ज विटेट यांना तिचे पहिले अध्यक्ष केले. गेटवे ऑफ इंडियाची रचना करणारे ते हेच. ही संघटना १९२२ मध्ये बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन झाली आणि १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स. नक्कल करणाऱ्यांचा वर्ग बारा वर्षांत अखिल भारतीय व्यावसायिक संस्थेपर्यंत पोहोचला, ही वाटचाल लहान नव्हे.

या काळात शिक्षणाला ज्यांनी वळण दिले ते क्लॉड बॅटली. १९१३ मध्ये ते हिंदुस्थानात आले, जे. जे. मध्ये शिकवू लागले आणि १९२३ पासून १९४३ पर्यंत त्या विभागाचे प्रमुख राहिले. बॉम्बे सेंट्रल स्थानक त्यांच्या भागीदारीतील कचेरीने उभारले. मलबार हिलवरील जीनांचे घरही त्यांच्याच आराखड्याचे. शिक्षक म्हणून त्यांचा आग्रह असा की विद्यार्थ्याने येथल्या जुन्या इमारती स्वतः मोजाव्यात. देऊळ, मशीद, महाल, राहते घर यांच्यासमोर फीत घेऊन उभे राहावे, खांबाचा परीघ, जोत्याची उंची, छज्जाचा पल्ला टिपून घ्यावा आणि मग तो मापात रेखाटावा. विद्यार्थ्यांनी केलेल्या अशा आरेखनांचा ग्रंथ ‘द डिझाइन डेव्हलपमेंट ऑफ इंडियन आर्किटेक्चर’ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला.

या मोजणीच्या शिक्षणाचे मोल कमी लेखता येणार नाही. नक्कल करताना डोळा कागदावर असतो. मोजताना तो दगडावर जातो. छज्जा दोन फुटांऐवजी तीन फूट का आहे, हा प्रश्न मोजणाऱ्यालाच पडतो, आणि त्याचे उत्तर उन्हाच्या तिरपेत किंवा पावसाच्या झडीत सापडते. जुन्या ग्रंथांतला सूत्रग्राही एका परीने या वर्गात परत आला. आचऱ्याच्या अच्युत कानविंदे यांना हे शिक्षण मिळाले. कोकणच्या किनाऱ्यावरच्या गावातून ते जे. जे. मध्ये आले, १९४२ मध्ये पदवीधर झाले, पुढे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकले आणि परत येऊन त्यांनी कानपूरच्या आय.आय.टी.सारखी संकुले उभारली. १९३६ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडलेल्या पेरिन मिस्त्री या भारतातील पहिल्या प्रशिक्षित स्त्री-वास्तुविशारद मानल्या जातात. त्यांच्या आडनावातच बांधकामाचा जुना व्यवसाय आहे. मिस्त्री या शब्दापासून आर्किटेक्ट या शब्दापर्यंतचे अंतर एका घराण्याच्या नावात असे साठून राहिले.

पण काय मोजायचे, याची निवड कोणी तरी करतच असते. ज्या इमारतींना कर्ता, काळ किंवा शैली लावता येते त्या मोजल्या जातात. कोळीवाड्यातल्या घराला यांपैकी काहीच लावता येत नाही. त्याची पडवी कुटुंब वाढले तेव्हा बंद झाली, माळा मुलाच्या लग्नाच्या वेळी चढला, ओटा शेजाऱ्याच्या संमतीने पुढे सरकला. अशा घराचा कर्ता कोण? त्याचा काळ कोणता? वास्तुकलेच्या इतिहासात त्याचा समावेश होणे कठीण होते. मुंबईच्या सोनकोळ्यांवरचा महत्त्वाचा अभ्यासग्रंथ १९५९ मध्ये आला तो विजया पुणेकर यांचा, म्हणजे समाजशास्त्राच्या बाजूने. चालीरीती, नाती, बाजार, देवदेवक यांची नोंद त्या बाजूने झाली. घर आणि अंगण यांची मापे घेण्याचे काम ज्यांचे होते, ते त्या वेळी दुसरीकडे गुंतलेले होते.

कुठे गुंतलेले होते, ते खारमध्येच दिसते. ‘खार’ हा शब्द कोकणपट्टीत खाऱ्या पाण्याच्या लगतच्या जमिनीला वापरतात. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईच्या दाट वस्तीचा धसका सरकारने घेतला. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि शहर उत्तरेकडे सरकू लागले. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला; हिंदुस्थानातला असा तो पहिला कायदा. त्याची रीत थोडक्यात अशी. एखाद्या भागातील वेड्यावाकड्या आकाराच्या शेतजमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, उरलेल्या जमिनीचे चौकोनी भूखंड पाडून ते मूळ मालकांना वाटून द्यायचे आणि जमिनीची किंमत वाढली की त्या वाढीचा वाटा खर्चासाठी घ्यायचा. या पुनर्वाटपातून येणाऱ्या तुकड्याला ‘फायनल प्लॉट’ म्हणतात. वांद्रे, खार, सांताक्रूझ येथील पत्त्यांत आजही ‘टी. पी. एस.’ ही अक्षरे दिसतात, ती या कायद्याखालच्या योजनांची खूण. १९२४ मध्ये खार रोड स्थानक सुरू झाले आणि ‘खार मॉडेल’ म्हणून ओळखले जाणारे उपनगर आकाराला आले. नवशिक्षित वास्तुविशारदाला हवी असलेली भूमी त्याला येथे मिळाली : चारही कडा निश्चित असलेला, एका मालकाचा, रस्त्याला लागलेला भूखंड.

या योजनांच्या काळातच मुंबईत एक मनुष्य वेगळे काही सांगत होता. पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १९१९ पासून १९२४ पर्यंत मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते; गो. स. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. जुन्या वस्तीवर सरळ रस्त्याचा वरवंटा फिरविण्यापूर्वी तीत पायी हिंडावे, कोणती भिंत खरोखर पडायला हवी आणि कोणते झाड, विहीर, चौक राखायला हवा ते घरागणिक ठरवावे, असे त्यांचे सांगणे होते. उपचाराआधी निदान, हे त्यांचे सूत्र. ते विद्यापीठात शिकवीत, आणि तेथून चालत जाण्याच्या अंतरावर जे. जे. मध्ये वास्तुकलेचा वर्ग भरत असे. वस्ती वाचण्याची विद्या आणि इमारत मोजण्याची विद्या एकाच परिसरात, एकाच काळात शिकविली जात होती. अभ्यासक्रमात मात्र त्यांची नीट गाठ पडली नाही. एक समाजशास्त्राच्या विभागात राहिली आणि दुसरी कलाशाळेत.

तिसाच्या दशकात या व्यवसायाला मुंबईत बहर आला. मरीन ड्राइव्हवर आणि ओव्हल मैदानाच्या काठी जी ‘आर्ट डेको’ इमारतींची रांग उभी राहिली, ती मोठ्या प्रमाणावर भारतीय वास्तुविशारदांची निर्मिती आहे. गजानन म्हात्रे हे त्यांतले एक ठळक नाव. २०१८ मध्ये या इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ नावाचे प्रदर्शन भरविले आणि मध्यमवर्गाला आधुनिक घर कसे असावे हे दाखविले. पुण्याचे अभियंते र. श्री. देशपांडे हेच काम पुस्तकांतून करीत होते. त्यांचे ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ १९३९ चे; मराठीतही ‘सुलभ वास्तुशास्त्र’ त्यांनी लिहिले. आणखी एक अभियंते, कृष्णाजी विनायक वझे, जुने शिल्पग्रंथ गोळा करून त्यांचे सार मराठीत आणीत होते. घराविषयी मराठीत गंभीरपणे लिहिले जात होते. मात्र ते घर स्वतंत्र भूखंडावरचे होते. त्यात दिवाणखाना होता, स्वयंपाकघर होते, संडास-न्हाणीची नवी व्यवस्था होती. जाळे पसरायला जागा असण्याचे त्याला कारण नव्हते. कोळी कुटुंबाचे काम आणि राहणे एकाच जागेत चालते. हे ‘आदर्श घर’ राहण्यापुरते होते. कामाला जाण्यासाठी त्यातून बाहेर पडायचे असते, हे त्यात गृहीत होते.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये खार मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. दांड्याच्या बाजूने पाहिले तर या घटनेचा अर्थ असा की आता घर दुरुस्त करायला किंवा वाढवायला महापालिकेची मंजुरी लागणार, आणि मंजुरीसाठी नकाशा लागणार. ज्या घराने कधी नकाशा पाहिला नव्हता त्याला नकाशा सादर करणे भाग पडले. मुंबईत असा नकाशा वास्तुविशारदाच्या सहीने जातो किंवा परवानाधारक सर्व्हेअरच्या. घर बांधतो मिस्त्री, सही करतो दुसरा. एकोणिसाव्या शतकात तुटलेली साखळी येथे कायद्यानेच दोन तुकड्यांत कायम केली.

व्यवसायाच्या नावाला कायद्याचे संरक्षण १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टने मिळाले. त्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर स्थापन झाली, अभ्यासक्रमाची किमान पातळी ठरली, पाच वर्षांची पदवी आणि त्यात प्रत्यक्ष कचेरीत काम करण्याचे सत्र ही चौकट रूढ झाली. २००६ पासून प्रवेशासाठी ‘नाटा’ ही परीक्षा आली. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेणे हा गुन्हा ठरला. मात्र या कायद्याची मर्यादा काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये निर्णय दिला. कायद्याने ‘आर्किटेक्ट’ हे अभिधान राखून ठेवले आहे. आराखडा करणे, बांधणे ही कामे इतरांना बंद केलेली नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. व्यवसायातील अनेकांना तो निर्णय रुचला नाही, आणि त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. पाच वर्षे शिकून, नोंदणी करून, इमारतीच्या सुरक्षिततेची जबाबदारी शिरावर घेतल्यावर केवळ नाव आपले आणि काम कोणाचेही, हे पटणे अवघड आहे. वैद्यकाशी तुलना केली जाते ती याचसाठी.

पण खारदांड्याच्या गल्लीत उभे राहून विचार केला तर हा निर्णय व्यवसायाला एक जुना प्रश्न विचारतो आहे. मिस्त्री जर घर बांधू शकतो, आणि शतकानुशतके बांधीत आला आहे, तर वास्तुविशारदाच्या शिक्षणाने असे काय दिले की जे मिस्त्रीजवळ नाही? सुरक्षिततेचे शास्त्र हे त्याचे एक उत्तर आहेच. मजल्यावर मजला चढणाऱ्या, समुद्राच्या वाऱ्याने लोखंड गंजविणाऱ्या या किनाऱ्यावर ते उत्तर कमी महत्त्वाचे नाही. पण दुसरे उत्तरही आहे, आणि ते बॅटलींच्या वर्गात दडलेले होते : मोजून ठेवण्याची विद्या. मिस्त्री घर बांधतो. पण घराची, गल्लीची, अंगणाची अशी नोंद तो करीत नाही की जी न्यायालयात, महापालिकेत, मंत्रालयात पुराव्यासारखी ठेवता येईल.

ही नोंद आज कोळीवाड्यांसाठी जीवनमरणाची गोष्ट झाली आहे. १९९१ मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. २०११ च्या सुधारित अधिसूचनेत मुंबईच्या कोळीवाड्यांचा स्वतंत्र उल्लेख आला : १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा शासनाच्या संबंधित अभिलेखांत मच्छीमार वसाहती म्हणून ज्या नोंदल्या आहेत, त्यांचे नकाशे करून त्यांना वेगळा दर्जा द्यावा. यातला कळीचा शब्द ‘नोंदल्या आहेत’ हा आहे. पुढे २०१८ मध्ये मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा मंजूर होताना कोळीवाडे आणि गावठाणे यांच्या सीमांकनाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. सीमा कुठवर? शेवटच्या घराच्या भिंतीपर्यंत, की होड्या ओढून ठेवतात त्या वाळूपर्यंत, की मासळी सुकविण्याच्या जागेपर्यंत? मुंबईतील अनेक कोळीवाड्यांनी ‘झोपडपट्टी’ हा शिक्का नाकारला तो याच भयाने. झोपडपट्टी म्हटले की पुनर्वसनात ठरावीक क्षेत्रफळाची सदनिका मिळते; अंगण, ओटा आणि सुकवणीची जागा त्या हिशेबात बसत नाहीत. नकाशावर ती जागा ‘मोकळी जमीन’ म्हणून दिसते, आणि मुंबईत मोकळ्या जमिनीला काय किंमत आहे हे सांगायला नको.

येथे मोजणीच्या शिक्षणाचाही कस लागतो. देऊळ मोजणाऱ्याला ऋतूची काळजी नसते. ते चैत्रात जसे असते तसेच श्रावणात. सुकवणीच्या जागेचे तसे नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या असतात, मांडव रिकामे किंवा उतरविलेले असतात. त्या दिवसांत कोणी फीत घेऊन आला तर त्याला तेथे रिकामी जागा दिसेल, आणि तो प्रामाणिकपणे ‘रिकामी जागा’ असे लिहील. त्याच्या मापात इंचाचीही चूक नसेल. पावसाळा संपल्यावर तीच जागा एका गावाचा कारखाना झालेली असते. नकाशाच्या लिपीत जागा लिहिता येते, काळ लिहिता येत नाही. तो लिहायचा तर मोजणाऱ्याला थांबून तेथल्या बाईला विचारावे लागते, की मावशी, येथे काय असते, कधी असते आणि कोणाचे असते. मांडवाची जागा कोणत्या घराची, हे ठरवणारा करार कागदावर नसतो, तो तिच्या सांगण्यातच असतो. गेडिस यांचे निदान आणि बॅटलींची फीत एकमेकांना भेटायला हवी होती ती नेमकी या प्रश्नात.

आज मुंबईत वास्तुकला शिकविणाऱ्या संस्था जे. जे. पुरत्या उरलेल्या नाहीत. १९५५ मध्ये रचना संसदेची अकादमी निघाली. उपनगरांतच जुहूला कमला रहेजा विद्यानिधी संस्था १९९२ पासून आहे. वांद्र्याच्या कार्टर रोडजवळ रिझवी महाविद्यालय आहे. म्हणजे दांड्याच्या दोन्ही बाजूंना, हाकेच्या नव्हे तरी रिक्षाच्या अंतरावर, दरवर्षी नवे विद्यार्थी मापाची फीत हातात घेतात. त्यांच्यासाठी दांड्यातली एक गल्ली हा पहिल्या वर्षाच्या सुटीतला विरंगुळा न राहता अभ्यासक्रमाचा पाया होऊ शकते. एका गल्लीची मोजणी वर्षातून दोनदा करावी : एकदा ज्येष्ठ-आषाढात आणि एकदा मार्गशीर्षात. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले की जो फरक दिसेल, तो कोणत्याही शैलीच्या इतिहासात आढळणार नाही. पण सीमांकनाच्या सुनावणीत त्याला उत्तर द्यावेच लागेल.

शास्त्र, कर्म, प्रज्ञा, शील या चार अपेक्षांपैकी पहिल्या तिघींची व्यवस्था आपल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात कमीअधिक प्रमाणात आहे. शीलासाठी तासिका नाही, आणि ती ठेवूनही काही साधेल असे वाटत नाही. पण रिकाम्या दिसणाऱ्या जागेसमोर फीत गुंडाळून ठेवून आधी तेथल्या माणसाला विचारणे, ही सवय शिकविता येते. शीलाची सुरुवात बहुधा तेवढीच असते. खारचे क्रमांकित रस्ते आखताना ती विचारपूस करावी लागली नाही, कारण तेथे आधी शेते होती आणि पुढचे रहिवासी अजून यायचे होते. दांड्यात माणसे आधीपासून आहेत.